तयारीचा हिवाळा

दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागले की संध्याकाळचा वारा ती बातमी आमच्या ओटीपर्यंत आणतो. हिवाळ्यात आमच्याकडे वाऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सकाळी तो डोंगराकडून येतो आणि वाटेत बोईसरच्या कारखान्यांचा आंबूस, घशाला चिकटणारा वास उचलून आणतो. दुपार कलली की तो फिरतो, समुद्राकडून येतो, आणि मग सगळं घर सुक्या म्हावऱ्याचं होऊन जातं. या दोन वासांच्या मधोमध आमचं गाव. मी आयुष्यभर बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, त्यामुळे माझं नाक फारसं काही मनावर घेत नाही. सुमन, म्हणजे आमची ही, म्हणते की बोईसरात नोकरी करणाऱ्याला देवानं नाक फक्त चष्मा अडकवायला दिलेलं असतं.

परवा मात्र तो वास आला आणि मी ओटीवरून उठून आत गेलो. दुपारीच पल्लवीचा, आमच्या लेकीचा, वाणगावहून फोन आला होता. तिच्या सासऱ्यांना, जनार्दनभाऊंना, माझाच आजार निघाला. त्याच जागी. रेडिएशनचे शेक देऊन झाले, आता ऑपरेशन सांगितलंय आणि ऑपरेशननंतर पोटावर कायमची पिशवी. भाऊंनी साफ नकार दिलाय. मरेन पण पिशवी लावणार नाही म्हणतात, जेवण टाकलंय, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तर दूरच. पल्लवी म्हणाली, बाबा, तुम्ही येऊन बोला, आमचं कुणाचं ऐकत नाहीत. मी विचारलं, काय बोलू? ती म्हणाली, सगळं बोला.

सगळं म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्याही पोटावर पिशवी आहे, तिला सहा-सात वर्षं झाली. गावात चार माणसांना ठाऊक आहे, त्यातली दोन घरातली. वाणगावला यातलं काही कळू द्यायचं नाही असा मी घरात दंडकच घातला होता. व्याही म्हणजे आपल्याकडे कसं नातं असतं ते मी नव्यानं सांगायला नको. सख्ख्या भावापुढे माणूस बनियनवर बसेल, पण व्याही आले की इस्त्रीचा सदरा शोधतो. त्या माणसापुढे जाऊन मी माझ्या आतड्याच्या गोष्टी करायच्या होत्या, आणि नाही केल्या तर तो माणूस जाणार होता.

म्हणून तो हिवाळा आठवला. खरं तर मी तो आठवत नाही. आठवला तरी दुसरीकडे बघतो.

कॅन्सर म्हटलं की लोक हळहळतात आणि लगेच विचारतात, कुठला? घशाचा, छातीचा, रक्ताचा, सगळ्यांना उत्तर देता येतं. माझ्याला येत नव्हतं. वर्षभर मी तो मूळव्याध म्हणून लपवला आणि मूळव्याधही उष्णता म्हणून लपवली. तांदळाच्या पेजेवर आणि सब्जाच्या बियांवर दिवस काढले. अखेर कारखान्यात चक्कर येऊन पडलो तेव्हा सगळं उघड झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: हा भाग जाणार, खालची वाट कायमची बंद, आतड्याचं तोंड पोटावर इथे काढणार, त्याच्यावर पिशवी चिकटवायची. ते चित्र एखाद्या प्लंबरनं काढावं इतकं साधं होतं. सुमननं ते नीट बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

गावात आम्ही 'पोटाचा' असं सांगितलं. खोटं नव्हे, तेही पोटाचंच एक टोक.

शेक संपल्यावर वाटलं होतं, आता लगेच कापतील आणि सोडवतील. तर डॉक्टर म्हणाले, थांबा, आधी तुमची तयारी करू. मला हसू आलं. तयारी लग्नाची करतात, परीक्षेची करतात. कापून घ्यायला कसली तयारी? मग व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीनं मला एका लांब बोळातून चालायला लावलं. बोटाला चिमटा लावला आणि म्हणाली, काका, जमेल तितकं भरभर चाला. मी वाडीवाल्याचा पोरगा, लहानपणी चिकूच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या. म्हटलं, हिला दाखवूच. दोन फेऱ्यांत भिंत धरली. माझ्या पुढे एक बाई चालत होत्या, माझ्याहून कितीतरी म्हाताऱ्या, त्या मागे वळून म्हणाल्या, बसा हो भाऊ. मुलीनं काहीतरी लिहून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की अशा दमानं भूल सोसणार नाही, फुफ्फुसांत कफ साठेल, जखम भरायला वेळ लागेल. तीन-चार आठवडे मनापासून केलंत तर तारीख देऊ, नाही केलंत तर पुढे ढकलू, आणि पुढे ढकलणं तुमच्या आजाराला परवडणार नाही. इतकं स्पष्ट मला आजवर कुणी बोललं नव्हतं. वाडीवाला म्हणून मी जो मिरवत होतो तो माणूस खुर्चीवर बसून बसून केव्हाच संपला होता, आणि हे कळायला मला परक्या मुलीसमोर भिंत धरावी लागली.

घरी येताना सोबत एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. तीन नळ्या, तीन गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढल्या पाहिजेत. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं, उठायचं. आणि रोज चालायचं, नुसतं नाही, दम लागेल असं.

आता आमच्या गावात नुसतं चालता येत नाही. इथे प्रत्येक चालणाऱ्याला कारण असतं आणि ते विचारायचा प्रत्येकाला हक्क असतो. घराबाहेर पाऊल टाकलं की पहिल्या ओटीवरून, "कुटं?" दुसऱ्या ओटीवरून, "कुटं चालले नाना?" त्यात वाईट काही नाही, आमच्याकडे तोच नमस्कार. पण उत्तर द्यावं लागतं. बोईसरला टॉवर आले, तिथली माणसं पांढरे बूट घालून गोल गोल फिरतात, ते बघून आमच्यातले लोक अजून हसतात. मी पहिल्या दिवशी हातात कोयता घेऊन निघालो. वाडीत चाललो, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा रिकामा कॅन घेतला. तिसऱ्या दिवशी कोयताही घेतला आणि कॅनही, आणि दम लागून एका ओटीवर टेकलो तर घरातली माणसं पाणी घेऊन धावली. त्यांचं बरोबरच होतं, पांढराफटक चेहरा आणि हातात कोयता असलेला माणूस ओटीवर येऊन बसला तर कोण घाबरणार नाही? मी त्यांना ऊन लागलं असं सांगितलं. पौष महिना होता.

मग मला दांडीचा किनारा सुचला. त्यात माझी हुशारी नव्हती, लाजेनं सुचवलेली वाट होती ती. किनारपट्टीच्या गावांत जुनी रीत आहे. पहाटेच्या वेळी जो माणूस समुद्राच्या बाजूला जातो त्याला कुणी कुठे म्हणून विचारत नाही. समोरून येणारा मान वळवतो, ओळखीचा असला तरी हाक मारत नाही, कारण त्या वेळी तिकडे माणूस कशाला जातो ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आता घरोघरी संडास झाले त्याला बरीच वर्षं झाली. पण रीत राहिली आहे. फटफटायच्या आत वाळूवर दिसलेला माणूस कुणी बघितलेला नसतो. सबंध मुलखात माझ्यासाठी तेवढी एकच जागा उरली होती जिथे मला कुणी काही विचारणार नव्हतं. आणि ती तशी का होती, याचा विचार मनात आला की माझं मलाच तोंड कडू व्हायचं.

पण चाललो मी. ओल्या वाळूवरून पाय लवकर उचलतो. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून त्यांच्यावर बोंबील टांगलेले, जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीनं. त्यांच्या रांगांच्या बाजूनं जायचं, होड्या जिथे ओढून ठेवतात तिथून वळायचं. पहिल्या आठवड्यात त्या वळणाला जाऊन खाली बसायचो. नंतर बसायला लागेनासं झालं. छातीत हवा शिरते आणि तळाशी पोचते हे मला पहिल्यांदा तिथे जाणवलं. बरं वाटायचं. बरं वाटण्याचीही लाज वाटायची, हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही. इतका मोठा आजार अंगात आणि हा माणूस सकाळी ताजातवाना होऊन घरी येतो, भूक लागली म्हणतो.

एका सकाळी ती रीत मोडली. बोंबील उलटे करायला आलेली एक म्हातारी कोळीण रोज लांबून दिसायची आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवायची. त्या दिवशी ती वाटेतच उभी राहिली. लुगड्याच्या ओच्यातून एक पुडी काढली आणि दुसरीकडे बघतच माझ्या पुढे केली.

"कुडाची साल हाय. उगालून घे ताकात," ती म्हणाली. "इतके दिस पोट चालतंय, मानूस मरंल अशानं."

मी रोज पहाटे येतो, भरभर चालतो, दमून खाली बसतो, परत जाताना सावकाश जातो, यावरून तिनं तिच्या हिशेबानं निदान केलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मला ओशाळू द्यायचं नव्हतं तिला. मी पुडी घेतली, हो म्हणालो, आणि घरी येईपर्यंत कान गरम होते. सुमनला सांगितल्यावर ती आधी हसली, पदर तोंडाला लावून हसली, मग तसाच पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, परक्या बाईनं तुमच्या पोटाची काळजी केली, त्यात लाजायचं काय? मी तिच्यावर उखडलो. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बघून, म्हातारी नसेल अशा बेतानं गेलो.

खाण्याचंही तेच. आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं, अंडी, मासे, डाळी, दूध, जखम भरायला शरीरात माल हवा. तिखट मात्र बंद. सुमन सकाळी दोन अंडी उकडायची, दुपारी सरंग्याची मधली तुकडी माझ्या ताटात, संध्याकाळी वालाचं बिरडं वाटीभर. घरात मासा आला की मधली तुकडी नेहमी पल्लवीची, लहानपणापासूनचा तिचा हट्ट. त्या हिवाळ्यात ती शेपटीकडचा तुकडा घेऊन मुकाट जेवायची. मी म्हणायचो, कापायच्या आधी बोकड पोसतात तसं चाललंय. दोघींपैकी कुणी हसायचं नाही. मग मी मान खाली घालून ती तुकडी संपवायचो. चवीनं संपवायचो, हे आणखी वाईट.

हॉस्पिटलात एक सिस्टर होत्या, त्यांचं काम फक्त पिशवीवाल्यांचं. केरळच्या बाई, पण मराठी स्वच्छ. त्यांनी एका भेटीत मला पोट उघडं करून उभं केलं, मग बसवलं, मग वाकायला लावलं. पँट कुठे बांधता, लुंगी कुठे, बसलं की घडी कुठे पडते, सगळं बघून पेनानं एक ठिपका काढला. तुमची पिशवी तुम्हाला नीट दिसेल अशा जागी हवी, म्हणाल्या. मग विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी म्हटलं, कशाची नाही. पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या, वासाची वाटते बहुतेकांना. मी सदऱ्याची बटणं लावायला घेतली, ती उलटसुलट लागली. बाईंनी ती बघितली.

जाताना त्यांनी दोन-तीन रिकाम्या पिशव्या दिल्या. ऑपरेशनच्या आधीच घरी लावून बघा, थोडं पाणी भरून लावा, बसा, उठा, जेवा, झोपा, म्हणजे शरीराला आणि मनालाही सवय होईल. ही तयारी मात्र मला जमेना. गोळ्या चढवल्या, वाळू तुडवली, अंडी गिळली. पिशवी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि सुमननं आठवण करून दिली की उद्या बघू म्हणायचो. हॉस्पिटलात विचारायचे, लावून बघितली का? मी हो म्हणायचो.

संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकवं चालू होती. एका संध्याकाळी सुमन चार घरी जाऊन आली. हातात तिळगुळाच्या पुड्या, वाण म्हणून मिळालेला प्लास्टिकचा डबा. दार लावून घेतलं आणि म्हणाली, कुणाला कळलं नाय. मी विचारलं, काय कळलं नाही? तिनं निऱ्या जरा बाजूला केल्या. पोटावर पिशवी होती. पाणी भरलेली. ती लावून ती चार घरी पाटावर बसली होती, उठली होती, हळदीकुंकवाला वाकली होती, जिथे उखाण्याचा आग्रह झाला तिथे उखाणाही घेतला होता. एका घरी जिना चढली होती.

ती मला काही शिकवायला म्हणून बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली. मी ओटीवर बसून राहिलो. बायकोनं आपल्यासाठी काही करावं आणि आपण ते करू द्यावं, याची सवय पुरुषाला असतेच. पण ही बाई माझी लाज अंगावर बांधून गावात फिरून आली होती, आणि मी ती घरातल्या कपाटातूनही बाहेर काढू शकलो नव्हतो. त्या संध्याकाळी समुद्राकडचा वारा जोरात होता, आणि मला वाटत होतं बोंबलांचा वास कधी नव्हे इतका नाकात शिरावा, दुसरं काही सुचू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी लावली. पाणी डचमळायचं. ओटीवर कुणी आलं की पोटावर वर्तमानपत्र धरायचो. वर्तमानपत्र उलटं आहे असं एकानं सांगितलं.

आणि याच सगळ्यात पल्लवीचा साखरपुडा. स्थळ आधीच ठरलेलं होतं, वाणगावचं, मिरचीची मोठी लागवड, माणसं भली. पल्लवी म्हणत होती, त्यांना सांगून टाकू या. मी म्हटलं, तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, आजार आहे बाबा, चोरी नाही. बरोबर होतं तिचं. पण त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल, ते मला माहीत होतं. कुठला? आणि मग नव्या व्याह्यांच्या घरी, जेवणाच्या पंगतीत, माझं नाव निघालं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काय येईल? मेलो तरी चालेल, पण ते नको, असं मला खरोखर वाटत होतं. आज जनार्दनभाऊ जे बोलतात तेच, शब्दसुद्धा तेच.

साखरपुड्याला मी बसलो नाही. शेकानं खालची कातडी अशी सोलवटून निघाली होती की मऊ गादीवरही फार वेळ बसवेना. चार तास उभा राहिलो. हातात वाढायचं भांडं धरलं म्हणजे उभं राहायला कारण मिळतं, म्हणून पंगतीत मीच वाढत होतो. जनार्दनभाऊंनी दोनदा हात धरून बसवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, नको भाऊ, तुमची सेवा करू द्या. वाणगावची माणसं भारावली. मुलीचा बाप असावा तर असा, इतका लीन, पाण्याचा ग्लासही घेतला नाही बसून. हे कौतुक पुढे बरीच वर्षं सांगितलं जायचं आणि मी तिथे असलो की पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचो.

मग परत त्याच बोळातून चाललो. भिंत लागली नाही. व्यायामाच्या मुलीनं टाळी वाजवली, मागे-पुढे पेशंट असताना. तारीख मिळाली. ऑपरेशनचं मला सांगण्यासारखं काही आठवत नाही, शुद्धीवर आल्यावर ती मुलगी समोर उभी होती आणि म्हणत होती, काका, श्वास घ्या, खोल, येतो तुम्हाला. आणि आला. दुसऱ्या दिवशी उभा केला. माझ्या शेजारच्या खाटेवर एक जण होता, त्याला घाईनं कापावं लागलं होतं, तयारीला वेळच मिळाला नव्हता. तो बरेच दिवस खोकत राहिला, टाके धरून. तेव्हा त्या तयारीचा अर्थ मला कळला. पोटावरचं आतड्याचं तोंड मी कितीतरी दिवस बघितलं नाही. लाल, ओलं, जिवंत असतं ते. सिस्टरांनी निवडलेल्या जागी होतं, मला नीट दिसेल असं.

सहा-सात वर्षं. पिशवी बदलायला मी स्वतः शिकलो. खायचं काय, टाळायचं काय, सगळं अंगवळणी पडलं. मुंबईच्या सिस्टर अधूनमधून एखाद्या नव्या पेशंटचा फोन जोडून देतात, माझ्याशी बोलून धीर येतो म्हणे लोकांना. मी बोलतो. नाव सांगत नाही. गावही पालघर जिल्हा एवढंच सांगतो. चाला, खा, श्वास घ्या, पिशवी आधीच लावून बघा, असं मोठ्या अधिकारानं सांगतो, आणि फोन ठेवताना घरात कुणी ऐकलं नाही ना ते बघतो.

पल्लवीच्या फोननंतर मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा इस्त्रीचा सदरा सुमननं खुर्चीवर काढून ठेवलेला दिसला. रिक्षानं वाणगावला गेलो.

जनार्दनभाऊ घरात नव्हते, मागच्या बाजूला मिरचीच्या वाफ्याशी बाजेवर एका कुशीवर टेकून बसले होते. त्या बसण्यावरून मला शेकाची सगळी कहाणी कळली. अंग निम्मं झालं होतं. विहीणबाईंनी चहा आणला आणि त्या आत गेल्या. मग आम्ही बोललो. मिरचीच्या भावाबद्दल बोललो. यंदा थंडी उशिरा पडली त्याबद्दल, ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात त्याबद्दल. नातवाच्या शाळेबद्दलही बोललो. चहा गार झाला. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिरचीवर आलो. शेवटी भाऊ म्हणाले की पल्लवीनं तुमाला उगीच तरास दिला, माजं ठरलंय. आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा मला दिसलं की हा माणूस खरंच जाणार आहे, माझ्यादेखत, मिरचीच्या भावाच्या गप्पा मारता मारता.

"भाऊ, माजी पन पिशवी हाय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. हात लांब करून एका रोपाचं सुकलेलं पान तोडलं. मग त्यांनी विचारलं, "वास येतो काय, नाना? खरं सांगा."

फोनवरच्या लोकांना मी याचं उत्तर देतो, नाही, अजिबात नाही, आता फार चांगल्या पिशव्या निघाल्यात. इथे ते उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"येतो. रोज नाय. नीट बसली तर नाय येत. पन कदी कदी येतो, आनि तवा मेल्यावानी होतं."

"म्हायती हाय," भाऊ म्हणाले.

मला वाटलं, कुणा डॉक्टरनं सांगितलं असेल. तर ते पानाचा चुरा करत सावकाश बोलू लागले. पल्लवीनं साखरपुड्याच्या त्याच आठवड्यात त्यांना सगळं सांगितलं होतं. माझ्या सासरी खोट्यानं जानार नाय, पन बाबांना कलू देऊ नका, ते लाजेनं मरतील, असं म्हणाली होती. त्यावर घरात एक चकार शब्द निघाला नाही. मी गेलो की मागच्या खोलीतली न्हाणी माझ्यासाठी मोकळी ठेवायचे, पंगतीत मला कडेची जागा द्यायचे, तिखट वेगळं काढायचे. मला वाटायचं, व्याह्यांचा मान.

"आनि वास पन म्हायती हाय," ते म्हणाले. "नातवाच्या पयल्या वाडदिसाला आला होता. तुमाला कलला नाय. तवापासून तुमी दारात दिसले की ही धूप घालते."

ते सहज बोलले. मिरचीचा कितवा तोडा चालू आहे ते सांगावं तसं. मला वाटलं, इथून उठावं आणि वाफ्यावाफ्यांतून पार रेल्वेच्या रुळांपर्यंत चालत जावं. तोंड वर करवेना. आणि लाज अगदी गळ्याशी आली की माणसाला कधी कधी राग येतो, तसा मला आला.

"मग आता तुमची वेल आली तर काय झालं?" मी म्हटलं. "घरातला धूप संपला काय?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, ते कुशीवरचे सरळ झाले, दुखलं तसे परत कलले, आणि हसतच राहिले. आतून विहीणबाई दारापर्यंत आल्या, आम्हाला बघून तशाच उभ्या राहिल्या. भाऊंनी डोळे पुसले. डॉक्टर चालायचं म्हणतात ते किती, असं विचारलं. मी म्हटलं, दम लागेल इतकं, मी येईन रोज सकाळी. ते म्हणाले, बघू. मग म्हणाले, या.

विहीणबाई आत वळल्या. मी त्यांच्या पाठीकडेही बघू शकलो नाही. कारण इतकी वर्षं मी आमच्या गावात, सोयऱ्याधायऱ्यांत, मोठ्या कौतुकानं सांगत आलो होतो की आमच्या वाणगावच्या विहीणबाई फार देवभोळ्या, पाहुणा दारात आला की त्याला पाणी द्यायच्या आधी घरभर धूप घालतात.